लिंब, परडी आणि रेणुकेची कथा : माझ्याच एका तक्त्याची तपासणी

आपल्या मंडळाच्या पानांवर विधींविषयी जे लेख येतात त्यांची एक ठरलेली बांधणी झाली आहे. आधी विधीचं वर्णन, मग एकदोन फोटो, मग 'याचं मूळ पुराणात आहे' असं एक वाक्य आणि त्याखाली कथा. मुंजीला बटू वामन, कान फाडून मुद्रा घालणाऱ्या जोग्याला गोरक्षनाथ, मुरळीला खंडोबा आणि बाणाई, यल्लम्माच्या जोगत्याला परशुराम. कथा सांगून झाली की लेख संपतो आणि वाचणाऱ्यालाही काहीतरी कळल्यासारखं वाटतं. हे मी कुणाला टोमणा म्हणून लिहीत नाही. या जातीचा सगळ्यात घाईचा लेख माझाच आहे.

सातआठ वर्षांपूर्वी सौंदत्तीच्या यल्लम्माच्या दीक्षेवर मी एक टिपण वाचलं होतं. त्यात एक तक्ता होता. डाव्या रकान्यात विधीतली कृती, उजव्या रकान्यात रेणुकेच्या कथेतला प्रसंग, मधे बाण. लोकांना आवडला. पुढं तो दोनतीन ठिकाणी फिरला, आणि एकदा तर मलाच व्हॉट्सॲपवर 'आपल्या पूर्वजांचं विज्ञान' म्हणून परत आला. उद्यमबागेतल्या मशीन शॉपमध्ये माझी अठ्ठावीस वर्षं गेली. तिथला साधा नियम असा, की ड्रॉइंगवर जे माप आहे ते जॉबवर सापडलं पाहिजे, आणि जॉबवर जे भोक आहे ते ड्रॉइंगवर असलं पाहिजे. एक जरी चुकलं तर जॉब बाजूला. हा नियम स्वतःच्या तक्त्याला मी कधी लावलाच नव्हता. गेल्या पावसाळ्यात लावून बघितला. त्याला एक कारण घडलं, ते शेवटी सांगतो.

आधी मी स्वतः काय पाहिलं ते. कारण त्या टिपणात मी ते गाळलं होतं. अभ्यासाच्या लेखात 'मी' कशाला, असं तेव्हा वाटायचं.

१९७८ ची सुगी संपली होती, मी तिसरीत होतो. त्या पावसाळ्यात मला अंगभर खरूज झाली होती. डॉक्टरचं मलम लावून झालं, गंधक झालं, शेवटी आज्जीनं यल्लम्माला बोलून घेतलं की पोरगं बरं झालं तर लिंब नेसवून आणीन. बरं झालं. मग मार्गशीर्षातल्या पुनवेला येळ्ळुरातून तीन बैलगाड्या निघाल्या. राजहंसगड मागं राहिला, बैलहोंगलच्या पुढं काळी जमीन लागली, भाताच्या मुलखातून आम्ही जोंधळ्याच्या मुलखात आलो आणि वाटेवरची भाषा मराठीची कन्नड झाली. सौंदत्ती आमच्याकडून ऐंशी-नव्वद किलोमीटर. गाडीनं म्हणजे मुक्काम करत करत.

आमच्या गाडीत शेजारच्या गावची एक मुलगी तिच्या मावशीबरोबर होती. अकरा-बारा वर्षांची असेल. तिच्या केसांत एक बट गुंतून घट्ट झाली होती. बायका तिला 'जट आलीय' म्हणत आणि बोलताना आवाज खाली आणत. मला त्याचं काही नव्हतं. तिच्याकडं गजगे होते, आणि पाच गजगे एका हातावर झेलण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. दोन दिवस आम्ही तेच केलं.

तिसऱ्या दिवशी पहाटे जोगुळभावीला पोचलो. डोंगर चढायच्या आधी तिथं अंघोळ करायची असते. पाणी असं गार, की मी रडायला लागलो. 'रडूलायस कशाला, देवीच्या दारात आलोय न्हवं?' आज्जी म्हणाली आणि अजून एक तांब्या ओतला. ओल्या अंगानं कमरेला दोरी, दोरीला लिंबाचे डहाळे, तोंडात लिंबाचा पाला, कपाळभर भंडारा. हातात लहानशी परडी. त्या वेषात चालत डोंगर चढलो, देवीपुढं वाकलो, आणि खाली येऊन पाच गाड्यांपुढं उभं राहून जोगवा मागितला. कुणी पीठ घातलं, कुणी तांदूळ, एकीनं अख्खा कडबू. सगळे 'उदो उदो' म्हणत होते आणि मी लिंबाच्या डहाळ्यांतून थंडी जाते कुठं हे बघत होतो. संध्याकाळी डहाळे काढले, नवा शर्ट आणि चड्डी घातली, परडी आज्जीच्या हातात गेली. मी परत तिसरीतला पोरगा.

त्या मुलीचंही हेच सगळं झालं. तीच विहीर, तोच लिंब, तोच भंडारा. फक्त संध्याकाळी तिला डोंगराखालच्या एका घरात नेलं. आज्जीबरोबर मीही गेलो आणि दारातून बघितलं. कांबळ्यावर तांदळाचा चौक भरला होता, त्यावर तिला बसवलं, पाच जोगतिणी भोवती बसल्या, हिरवा चुडा भरला आणि गळ्यात लाल-पांढऱ्या मण्यांची दोरी बांधली. कन्नडमध्ये याला मोती बांधणं म्हणतात, आमच्या सीमाभागात त्या मण्यांना 'दर्शन' असंही म्हणतात. मोती त्यात नसतो. परतताना ती गाडीतच होती. मी तिच्याकडं गजगे मागितले तेव्हा आज्जीनं माझ्या हातावर चापट मारली. 'देवाची झाली ती आता. तिच्याकडं खेळाय मागायचं न्हाई.' आणि ज्या मुलीला आज्जी जाताना आपल्या ताटातलं भरवत होती, तिच्या पाया पडली.

आता तक्ता.

माझ्या उजव्या रकान्यात जी कथा होती ती सगळ्यांना पाठ आहे. महाभारताच्या वनपर्वात ती येते. जमदग्नीची बायको रेणुका नदीवर जाते, तिथं राजा चित्ररथ आपल्या स्त्रियांबरोबर जलक्रीडा करताना तिला दिसतो, तिचं मन क्षणभर ढळतं. जमदग्नी ते ओळखतो आणि मुलांना आईला मारायला सांगतो. थोरले चौघं ऐकत नाहीत, धाकटा परशुराम परशू उचलतो. बाप प्रसन्न होऊन वर माग म्हणतो, तेव्हा परशुराम आईला जिवंत करून घेतो. वाळूची घागर आणि सापाची चुंबळ या गोष्टी लोककथेनं त्यात घातल्या आणि आपण सगळे त्या मिसळूनच सांगतो.

ही कथा घेऊन डावा रकाना वाचा. जोगुळभावीची अंघोळ: कथेत नदी आहे, पण अंघोळीनं काही घडत नाही, उलट पाण्याच्या काठावर बिघडतं. लिंब: कुठंच नाही. परडी आणि जोगवा: नाही. मोती: नाही. चुडा: नाही. म्हणजे ज्या कथेला आपण दीक्षेचं मूळ म्हणतो, तिच्यातला मुख्य प्रसंग, शिर उडवणं, दीक्षेत कुठल्याच रूपात येत नाही. आणि दीक्षेतल्या पाच मुख्य कृतींपैकी एकही कथेत नाही. मी बाण काढले होते खरे, पण ते कशावरून कशाकडं जातात हे कुणी विचारलं नाही. मीही नाही.

डोंगरावरची जाणती माणसं दुसरी कथा सांगतात. तिच्यात जमदग्नीच्या शापानं रेणुकेच्या अंगावर रोग उठतो, कातडी विद्रूप होते, ती घराबाहेर पडते. रानात भटकताना तिला एक्कय्या आणि जोगय्या हे दोन साधू भेटतात. आपल्याकडं त्यांना एकनाथ-जोगिनाथ म्हणतात, आणि त्यातल्या एकनाथाचा पैठणच्या नाथांशी काही संबंध नाही, हे एकदा सांगून टाकतो, कारण दर वर्षी कुणीतरी तो लावतो. ते तिला तळ्यात अंघोळ करायला सांगतात, शिवलिंगाची पूजा करायला सांगतात आणि घरोघर जोगवा मागायला सांगतात. ती बरी होते आणि घरी परतते. शिर उडवणं त्यानंतर येतं.

ही कथा लावली की विधी एकदम सरळ बसतो. अंघोळ बसली. जोगवा बसला, परडी त्याच्याबरोबर आली. लिंबाचं नाव कथेत येवो न येवो, कातडीच्या रोगाला लिंब हे सांगायला कुठल्याच आज्जीला पुराण लागत नाही, आणि मला नेलं होतं ते खरजेपायीच. क्रमसुद्धा तोच. आधी पाणी, मग पाला, मग भीक, मग घर. आठ वर्षांचा मी त्या दिवशी पायरीला पायरी लावून रेणुकेच्या मागोमाग चाललो होतो, फक्त मला कुणी सांगितलेली रेणुका वेगळी होती. एवढ्यावर थांबलो असतो तर तक्ता दुरुस्त करून मोकळा झालो असतो. संस्कृत ग्रंथातली कथा खोडायची, डोंगरावरची घालायची, बाण नव्यानं काढायचे.

पण मोत्याची ओळ तशीच रिकामी राहते. दुसऱ्याही कथेत रेणुकेच्या गळ्यात कुणी काही बांधत नाही. ती देवाला वाहिलेली मुलगी नाहीच. ती एका ऋषीची लग्नाची बायको आणि पाच मुलांची आई आहे, आणि बरी झाल्यावर ती आपल्या घरी जाते. मी घरी गेलो, तशी. माझी दीक्षा कथेत आहे. त्या मुलीची नाही.

इथं मला रा. चिं. ढेरे यांच्या 'लज्जागौरी'बद्दल बोललं पाहिजे, कारण आपल्यातला जो कुणी यल्लम्मावर लिहितो तो त्या पुस्तकाच्या खांद्यावर बसून लिहितो, मीही. १९७८ सालचं पुस्तक, म्हणजे मी गाडीत बसलो त्याच वर्षाचं. शिर नसलेल्या, गुडघे फाकवून बसलेल्या देवीच्या मूर्ती, वारूळ म्हणजे भूमीची योनी, सांतेरी, रेणुका, यल्लम्मा या सगळ्यांना ढेऱ्यांनी एका धाग्यात ओवलं. त्यांच्या मांडणीत कथेच्या आधी मूर्ती येते. देवी आधीच बिनशिराची होती, तिचं शिर का नाही हे सांगायला परशुरामाची कथा मागाहून जोडली गेली. ही उलटी चाल मला अजूनही त्या पुस्तकातली सगळ्यात मोठी गोष्ट वाटते. कथा म्हणजे कारण, ही आमच्यासारख्या हौशी लोकांची सवय त्यांनी एका फटक्यात मोडली, आणि आम्ही पुस्तक वाचूनही ती सोडली नाही. पण ढेऱ्यांचा प्रश्न मूर्तीचा आहे. आदिमातेच्या इतक्या लांबच्या काळात शिरलं की तांदळाच्या चौकावर बसलेली मुलगी फार बारीक दिसायला लागते. ही पुस्तकाची चूक म्हणता येणार नाही. त्याला जे विचारलं त्याचं उत्तर ते देतं. चूक आमची, की मुलीबद्दल विचारलं तरी आम्ही मूर्तीचंच उत्तर पुढं करतो.

ढेऱ्यांचीच चाल विधीला लावली, म्हणजे कथा विधीमागून चालते असं धरलं, तर तीन ठिकाणी फार उघड काही दिसतं.

एक, त्या चार भावांचं. वनपर्वात बाप त्यांना शाप देतो आणि त्यांची शुद्ध हरपते, ते पशुपक्ष्यांसारखे जड होतात. पण परशुराम वर मागतो त्यात आई जिवंत व्हावी, तिला हे काही आठवू नये आणि भाऊ पूर्ववत व्हावेत, असं सगळं मागतो आणि त्याला ते मिळतं. आपल्या डोंगरावरच्या कथेत मात्र शापानं ते नपुंसक होतात, आणि तसेच राहतात. जोगते लुगडं नेसून देवीपुढं नाचतात ते त्यांच्यामुळं, असं सांगितलं जातं. शाप बदलला आणि उःशाप गळला. लुगडं नेसणारा जोगत्या डोळ्यांपुढं होता, जन्मभर तसाच राहणारा, आणि कथेला त्याच्या मापाचं व्हावं लागलं.

दोन, जमदग्नीचं मरण. महाभारतात कार्तवीर्याची मुलं त्याला मारतात, परशुराम त्याचे अंत्यविधी करतो, पृथ्वी निःक्षत्रिय करायला निघतो. त्या कथेत जमदग्नी पुन्हा उठत नाही. आपल्याकडं मात्र मार्गशीर्षातली पुनव ही रांडाव पुनव, त्या दिवशी देवी विधवा होते, जोगतिणी बांगड्या फोडतात. दोन महिन्यांनी माघात अहेव पुनव, देवीचा नवरा परत जिवंत, बांगड्या परत हातात. कोल्हापूरची माणसं मार्गशीर्षात सौंदत्तीला जाऊन येतात आणि मग आंबील यात्रा करतात, तीही याच वर्षचक्राला बांधलेली. सुगी आणि वर्षाचा हिशेब पुढं, कथा त्याच्या मागून.

तिसरं आमच्या डोक्यावरच लिहिलेलं होतं. सौंदत्तीच्या तालुक्याचं जुनं नाव परसगड. नाव परशुरामाशी जुळतं, म्हणून आम्ही सगळे परशुरामाच्याच कथेत मूळ शोधत बसलो. (मलप्रभेवरच्या नविलुतीर्थ धरणाच्या जलाशयाला रेणुकासागर नाव आहे. जिची घागर भरेना तिच्या नावानं एवढं पाणी, हे कुणाच्या डोक्यातून आलं असेल त्याला माझा नमस्कार.)

आता माझा मुद्दा. फ्रेंच अभ्यासक व्हॅन गेनेप यानं १९०९ मध्ये दीक्षा, लग्न, मर्तिक अशा विधींचे तीन टप्पे सांगितले. माणूस जुन्या जागेवरून सुटतो, काही काळ मधेच लटकतो, आणि मग नव्या जागी बसवला जातो. मधल्या टप्प्यात त्याला नेहमीचे कपडे नसतात, नेहमीचं अन्न नसतं, तो भीक मागतो. आपल्या लोकांना हे फ्रान्सहून शिकायची गरज नाही, मुंजीत ते सगळं आहे. माझी मुंज झालेली नाही, आमच्यात ती नसते, पण वर्गातल्या एका मित्राच्या मुंजीला बेळगावात गेलो होतो. गोटा केलेलं डोकं, लंगोटी, हातात पळसाचा दंड, आणि आईपुढं झोळी धरून भिक्षा. मला एकदम माझे डहाळे आठवले. त्याची भिक्षावळ चांदीच्या वाट्यांत येत होती एवढाच फरक. आणि मग त्याच्या आज्जीनं सहज सांगितलं की लग्नाआधी सोडमुंज करायची असते.

सोडमुंज हा शब्द मला फार उशिरा कळला. पूर्वी बारा-बारा वर्षांनी व्हायची, आता लग्नाच्या आदल्या दिवशी किंवा त्याच सकाळी उरकतात, तरी करतात. ब्रह्मचर्याची गाठ ज्या विधीनं बांधली तिची सोडवणूक करणारा दुसरा विधी. दंड, मेखला, भिक्षा, सगळं खाली ठेवून तो माणूस घरात येतो. माझा लिंब संध्याकाळी उतरवला ती माझी सोडमुंज होती. मोत्याला सोडमोती नाही. तिला विहिरीत उतरवलं, पाला नेसवला, परडी दिली, भीक मागायला शिकवलं, आणि तिसरा टप्पा विधीत ठेवलाच नाही. आणि गंमत बघा, म्हणजे गंमत नव्हेच, पण बघा: वनपर्वातली रेणुका जिवंत होऊन येते, भाऊ शुद्धीवर येतात, डोंगरावरची रेणुका बरी होऊन घरी जाते, देवी दोन महिन्यांनी परत सवाष्ण होते. प्रत्येक कथेत देवीला बाहेर यायची वाट ठेवलेली आहे. जी वाट बंद आहे ती फक्त त्या मुलीची आणि लुगड्यातल्या जोगत्याची, आणि जोगत्यासाठी तर कथेतला उःशापसुद्धा काढून टाकला. मग आम्ही तक्ता करतो आणि म्हणतो की मूळ कथेत आहे.

यल्लम्मा या नावाची फोड 'एल्लर अम्मा', सगळ्यांची आई, अशी करतात. आई सगळ्यांची असेल, डोंगरावर सगळ्या जातींची माणसं मीही पाहिली आहेत. पण मोती बांधलेल्या मुली बहुतेक दलित वस्त्यांमधल्या, गरीब घरच्या. ही बाब कुठल्याच पुराणात सापडायची नाही. ती शोधायची तर गावाच्या नकाशात शोधावी लागेल.

एक स्वतःचंच अजून सांगतो. एकेचाळिसाव्या वर्षी, गावातल्या सप्ताहात, मी तुळशीची माळ घातली. आमच्या भागात वारकऱ्यांचं पारायण नाही असं गाव कमीच. एका म्हाताऱ्या माळकऱ्यांनी माळ ज्ञानेश्वरीवर ठेवली आणि मग माझ्या गळ्यात घातली. एकादशी, वारी, मांस-दारू बंद. त्यालाही गुरुपरंपरेची कथा आहेच, गहिनीनाथांपासून निवृत्तिनाथांपर्यंत, ती मला सांगितली गेली. तीन वर्षांनी कामाच्या फिरतीत नियम पाळता येईनात, तेव्हा मी त्यांच्याकडं जाऊन तसं सांगितलं. ते रागावतील असं वाटलं होतं. म्हणाले, 'पाळणं होत न्हाई तर पांडुरंगाच्या पायावर ठेवायची. परत वाटलं तर परत घालायची.' माळ मी मागून घेतली होती आणि ठेवायलाही मला कुणी अडवलं नाही. दोन्ही गळ्यांतलीच गोष्ट, दोन्ही दीक्षाच. आपल्या लेखांत या दोन्हींना एकच शब्द वापरतात आणि शेजारी शेजारी छापतात.

कादंबऱ्यांनी हे आपल्या आधी ओळखलं. राजन गवस यांची 'चौंडकं' १९८५ ची, 'भंडारभोग' १९८८ ची. पहिलीत जट आलेली मुलगी देवाला सोडली जाते, दुसरीत एक तरुण जोगत्या होतो. चौंडकं म्हणजे काखेत धरून वाजवायचं ते वाद्य, एका तोंडाला कातडं आणि मधे ताणलेली तार. गडहिंग्लज भागाची बोली आमच्या बोलीला इतकी लागून आहे, की ही पुस्तकं वाचताना मला आज्जीचा आवाज ऐकू यायचा. गवसांचं मोठेपण माझ्या मते यात, की त्यांनी दीक्षेचा प्रसंग गूढ केला नाही. तिथं घराची ओढ आहे, जटेची भीती आहे, देणंघेणं आहे, शेजारपाजार आहे. देवीची कथा पात्रांच्या तोंडी येते, लेखक तिचा आधार घेत नाही. आपण लेख लिहिताना नेमकं उलटं करतो.

या दोन कादंबऱ्या आणि चारुता सागर यांची 'दर्शन' ही कथा यांवरून २००९ मध्ये राजीव पाटील यांचा 'जोगवा' आला. उपेंद्र लिमये यांना त्यातल्या भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि तो त्यांना मिळायलाच हवा होता. लुगड्यात पहिल्यांदा उभा राहिलेला तो माणूस मी विसरू शकत नाही. तरी माझी तक्रार आहे. चित्रपट बाहेर पडायची वाट प्रेमातून काढतो. गाणीही अशी, की थिएटरमधून येताना अंगावर भंडारा नव्हे, चांदणं पडल्यासारखं वाटतं. खऱ्या बायका बाहेर पडल्या त्या अशा नाहीत. कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९२० मध्ये कायदा केला. आमचा बेळगाव जिल्हा मुंबई इलाख्यात होता, तिथं १९३४ चा देवदासी संरक्षण कायदा लागू होता. म्हणजे मी दारातून ते बघत होतो तेव्हा ते बेकायदेशीर होऊन चव्वेचाळीस वर्षं झाली होती, आणि त्या खोलीतल्या कुणाला हे ठाऊक असेल असं मला वाटत नाही. कर्नाटकाचा कायदा १९८२ चा. निपाणी-गडहिंग्लज पट्ट्यात कार्यकर्ते हिंडले, परिषदा झाल्या, पुढं जटा कापायची मोहीम आली. साध्या कात्रीनं जट कापतात, आधी तेल लावून मोकळी करून बघतात. विधीतला तिसरा टप्पा आपल्याकडं कुणी बसवला असेल तर या लोकांनी.

आता ते कारण. गेल्या वर्षी चांगळेश्वरीच्या यात्रेत ती भेटली. मी ओळखलं नाही, तिनं ओळखलं. जट नाही, केस पिकलेले. २००७-०८ च्या सरकारी सर्व्हेत नाव लागलंय, पेन्शन येते, कधी तीन महिन्यांची एकदम. मला ती अजून तम्मा म्हणते, मी अक्का म्हणतो. घरी घेऊन आलो, चहा झाला, आणि मोठ्या उत्साहानं मी माझा तक्ता काढून तिला वाचून दाखवला. नदी, घागर, परशू, बाण, सगळं. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

'आन् मोती कुठं हाय ह्यात?'

मी म्हटलं, ते कथेत नाही.

'न्हाईच मिळायचं. माझ्या मावशीनं दोन पोती जोंधळं घेतलेलं. ते लिव्ह.'

नवा तक्ता मी अजून केलेला नाही. या मार्गशीर्षात जोगुळभावीला जाऊन आधी नुसता क्रम लिहून घ्यायचा आहे, कोण काय करतं, कुणाच्या हातून, कुणाच्या खर्चानं. अक्कानं दोन म्हाताऱ्या जोगतिणींची नावं दिली आहेत. त्या बैलहोंगलकडच्या, त्यांना मराठी येत नाही आणि माझं कन्नड बाजारापुरतं आहे. मंडळातलं कन्नड चांगलं बोलणारं कुणी, शक्यतो बाई माणूस, बरोबर आलं तर फार बरं होईल. पुनवेच्या आदल्या दिवशी निघू, गाडी माझी आहे.